शर्यतीची केस: दंड किती ते नंतर बघू, आधी कलमं बघा

उचगावच्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांचा पुतण्या १९ वर्षांचा. बेळगावात शिकतो, जोडीला आर्मी भरतीची तयारी चालू आहे. रविवारी पहाटे तो आणि त्याचा मित्र दोन मोटारसायकली घेऊन काकतीच्या पुढं हायवेवर गेले. पोलिसांनी अडवलं, किल्ल्या काढून घेतल्या, गाड्या ठाण्यात नेल्या, पुतण्याचं लायसन ठेवून घेतलं आणि 'रेसिंगची केस घातलीय, मोठ्यांना घेऊन या' म्हणून सोडून दिलं. पुतण्याची गाडी एमएच-०९ पासिंगची, वडिलांच्या नावावर. मित्राची केए-२२, आईच्या नावावर, आणि मित्राला अठरा पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत. त्यांचे प्रश्न असे: किल्ली काढून घेता येते का, गाड्या कशा सोडवायच्या, दंड भरून मिटेल का, आणि भरतीला अडचण येईल का.

मी बेळगावच्या कोर्टात फौजदारी आणि मोटार अपघाताच्या केसेस चालवतो. असे पालक येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, 'दंड किती बसंल ओ?' दंड हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. महाग पडतात ती बाकीची कलमं, लायसन, विमा आणि पोरानं पहिल्या दिवशी तोंडानं जे सांगून ठेवलंय ते.

तेव्हा आधी कागद हातात घ्या. चलन दिलंय, नोटीस दिलीय की एफआयआर झालाय, हे तिन्ही वेगवेगळं आहे. आपल्याकडं ठाण्याचे कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या, पण आकडे तुम्हालाही वाचता येतील. 'आयएमव्ही ॲक्ट' असं लिहिलेलं दिसेल, तो म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८. 'बीएनएस' म्हणजे भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली. महाराष्ट्रात ज्याला गुन्हा रजिस्टर नंबर म्हणतात त्याला इथं 'क्राइम नंबर' म्हणतात. तो नंबर असेल तर एफआयआर आहे आणि प्रकरण कोर्टात जाणार, असं धरून चाला.

शर्यतीचं कलम १८९. सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय मोटार वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं, तीत भाग घेणं किंवा ती होऊ देणं, हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीआधी एक महिना कैद किंवा ५०० रुपये दंड होता. आता पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. यात वेगाची मर्यादा ओलांडलीच पाहिजे अशी अट नाही. मर्यादेच्या आत राहून दोघांनी 'बघू कोण पुढं जातंय' केलं तरी ती शर्यतच.

या कलमात पोरं कुठं सापडतात ते सांगतो. ठाण्यात विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, 'नाही सर, रेस नव्हती लावली, नुसतं टॉप स्पीड बघत होतो.' त्याला वाटतं आपण सुटलो. कलमात शर्यतीच्या शेजारीच 'वेगाची चाचणी' हे शब्द आहेत, म्हणजे बचाव म्हणून जे बोलला तोच गुन्ह्याचा कबुलीजबाब. पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे खरं. पण तीच गोष्ट तो दुसऱ्या दिवशी कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर सांगतो, आणि तिथं ती पुरेपूर चालते. म्हणून पुतण्याला आजच बजावून ठेवा की नाव, पत्ता, लायसन, गाडी कोणाची हे नीट आणि खरं सांगायचं. काय करत होतो याची गोष्ट वकिलाशी बोलल्याशिवाय सांगायची नाही. खोटं तर अजिबात नको. गाडी दुसराच चालवत होता वगैरे सांगितलं की नवीन गुन्हा तयार होतो.

आता १८९ एकटं आहे की सोबत कोणी आहे ते बघा. सगळा फरक इथं पडतो. एकटं असेल तर तो अदखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) आणि जामीनपात्र गुन्हा. कायद्याच्या कलम २०० खाली राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं तडजोड शुल्क भरून तो मिटवता येतो. कोर्टात गेला तरी लोकअदालतीत निघू शकतो. पण सोबत १८४, म्हणजे धोकादायक रीतीनं वाहन चालवणं, लावलं असेल तर गणित बदलतं. १८४ ला पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही. २०१९ नंतर १८४ ची तडजोड फक्त हातात मोबाईल धरल्याच्या प्रकारापुरती उरली आहे, बाकी सगळं कोर्टात. शिवाय डोळ्यांसमोर १८४ चा गुन्हा झाला तर गणवेशातल्या पोलिसाला कलम २०२ खाली विनावॉरंट अटक करता येते. त्या यादीत १८४, १८५ (दारू पिऊन चालवणं) आणि १९७ (परवानगीशिवाय दुसऱ्याची गाडी नेणं) आहेत, १८९ नाही. आणि न्याय संहितेचं २८१, म्हणजे हयगयीनं किंवा बेदरकारपणे गाडी चालवणं, लागलं की गुन्हा दखलपात्र होतो आणि १८९ पण त्याच्या मागोमाग दखलपात्र प्रकरणात ओढला जातो. २८१ ला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. जामीनपात्र आहे, पण तडजोडीनं मिटत नाही. पहाटेच्या हायवेवरच्या प्रकरणात १८४ आणि २८१ सोबत असतातच असं समजून तयारी ठेवा.

'पैसे भरले, मिटलं' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळक सांगतो. कलम २०० ला २०१९ मध्ये जोडलेली तरतूद म्हणते की तडजोड केली तरी पुढच्या वेळी तो आधीचा गुन्हा म्हणून मोजला जाईल, आणि लायसनवरची कारवाई तडजोडीनं थांबणार नाही. कर्नाटकात थकलेल्या वाहतूक दंडावर २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पन्नास टक्के सवलत दिली, तेव्हापासून लोकांची अशी समजूत झालीय की थांबलं की अर्ध्यात होतंय. ती सवलत ई-चलनाच्या थकबाकीला होती. कोर्टातल्या केसला असली सूट नसते.

लायसनकडं येऊ. कलम २०६(४) नुसार १८३, १८४, १८५, १८९, १९० यांसारख्या गुन्ह्यांत पोलिसानं लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडं पाठवायचं असतं. घेताना पोच द्यायलाच हवी. दिली नसेल तर मागा. ती पोच खिशात ठेवून पोरं गाडी फिरवतात, हे मी नेहमी बघतो. कायदा साफ सांगतो की लायसन परत मिळेपर्यंत या पोचेवर गाडी चालवता येत नाही. पुढं कलम १९ खाली आरटीओ नोटीस काढतो, म्हणणं ऐकून घेतो आणि पहिला गुन्हा असेल तर तीन महिने अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्यांदा असेल तर लायसन रद्दच. या नोटिशीला लेखी उत्तर द्या, सुनावणीला जा. बरेचजण जात नाहीत, आणि मग आदेश एकतर्फी होतो. चंदगड, गडहिंग्लजची पोरं बेळगावात खोली घेऊन राहतात. लायसनवर गावचा पत्ता असतो, नोटीस गावाला जाते, आजी ती फ्रिजवर ठेवते आणि इकडं हा अपात्र असताना गाडी चालवत असतो. त्यात सापडला की कलम १८२, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड.

महाराष्ट्राचं लायसन म्हणून इथं कारवाई होत नाही, अशीही एक समजूत आहे. लायसन आणि नोंदणी दोन्ही देशभर चालतात, म्हणून कारवाईही देशभर चालते. गुन्हा जिथं घडला तिथलं ठाणं, तिथलं कोर्ट. कोगनोळीचा टोल ओलांडला किंवा बाचीहून शिनोळीत शिरलं की सुटलो म्हणून गाडी दामटणारे महाभाग आहेत. नंबर टिपला की मालक कोण ते पोलिसांना मोबाईलवर दिसतं, आणि कलम १३३ खाली गाडी कोण चालवत होता हे सांगणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणजे पळाला पोरगा, उत्तर द्यायचं बापानं. आणखी एक: एमएच-०९ ची गाडी कायम बेळगावातच असेल तर दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यावर तिथली नोंदणी घ्यावी लागते, कलम ४७. या केसच्या निमित्तानं तो प्रश्नही निघू शकतो, तयारीत असा.

आता अडवण्याबद्दल, कारण तुमचा पहिला प्रश्न किल्लीचा आहे. गणवेशातल्या कुठल्याही पोलिसानं लायसन मागितलं तर दाखवायचं, कलम १३०. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं चालतं, केंद्रीय नियम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. फोटो गॅलरीतला स्क्रीनशॉट मात्र चालत नाही, त्यावरून वाद घालू नका. किल्ली काढून घेण्याचा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. २०६ कागद ताब्यात घेण्याबद्दल आहे, २०७ अख्खी गाडी अडकवून ठेवण्याबद्दल. मे २०२५ मध्ये मंड्यात पोलिसांनी दुचाकी अडवताना पडून एका लहान मुलीचा जीव गेला. त्यानंतर राज्याच्या पोलीस महासंचालकांनी सूचना काढल्या की दिसण्याजोगा नियमभंग नसताना नुसते कागद बघायला गाड्या अडवू नका, अचानक आडवे येऊन थांबवू नका. तेव्हा किल्लीबाबत तुमची तक्रार कायद्याला धरून आहे. तरी माझं मत विचाराल तर त्या मुद्द्यावर केस उभी करू नका. किल्ली चुकीनं काढली म्हणून शर्यतीचा आरोप पडत नाही.

आणि रस्त्यावर तर हा मुद्दा मांडूच नका. पोरगा किल्ली परत घ्यायला हात पुढं करतो, कॉन्स्टेबल हात मागं घेतो, दोघांची ओढाओढ होते, टोपी पडते. एवढ्यात काय झालं? पाच मिनिटांपूर्वी सगळी कलमं जामीनपात्र होती. आता न्याय संहितेचं १३२ आलं, सरकारी नोकराला कर्तव्यात रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, दोन वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र. सोमवारी दंड भरून घरी येणारा पोरगा हिंडलगा जेलचा रस्ता बघतो. मोबाईलवर शूटिंग करायला बंदी नाही, पण फोन लांब धरून शांतपणे करा, साहेबाच्या नाकासमोर नाचवू नका. बोलायची भाषा मराठी असो वा कन्नड, समोरचा ज्यात निवळतो ती बोला. आमच्याकडं दर वर्षी एक-दोन प्रकरणं अशी येतात, जिथं मूळ गुन्हा हेल्मेटचा आणि भांडण भाषेवरून. सीमाप्रश्न सर्व्हिस रोडवर सुटत नाही.

मे २०२५ मध्येच कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठानं गंगावतीच्या एका व्हीलीच्या, म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी पळवण्याच्या, प्रकरणात जामीन नाकारला. त्यात पोलिसांवर हात टाकल्याचाही आरोप होता. व्हीलीसाठी सध्याच्या कायद्यात पुरेशी तरतूद नाही, सरकारनं कडक नियम करावेत, असंही न्यायालयानं म्हटलं. त्यानंतर खालच्या कोर्टात या प्रकारांकडं बघण्याची नजर कडक झाली आहे हे मला जाणवतं. 'पोरं आहेत साहेब' हे वाक्य पूर्वीइतकं चालत नाही.

गाड्या सोडवायचं बघू. तुमच्या दोन गाड्यांचे मार्ग वेगळे आहेत, एकाच अर्जात गुंडाळू नका. कलम २०७ खाली गाडी अडकवता येते ती ठराविक कारणांसाठी: चालवणाऱ्याकडं लायसन नाही, वय बसत नाही, नोंदणी नाही, परमिट नाही. शर्यत हे कारण त्यात नाही. म्हणजे मित्राची गाडी २०७ मध्ये बसते. ती मालकानं कागद दाखवून अधिकृत अधिकाऱ्याकडं अर्ज केला की अटी घालून सोडता येते. पुतण्याची गाडी २०७ मध्ये बसत नाही. ती धरली असेल तर गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून, नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) १०६ खाली, आणि तशी जप्ती झाली की पंचनामा हवा आणि मॅजिस्ट्रेटला कळवलेलं हवं. ती सोडवायला त्या हद्दीच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टात अर्ज करायचा, त्याच संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. ४५१ आणि ४५७ चा अर्ज म्हटलं तरी कारकुनाला कळतं, सगळ्यांच्या तोंडात अजून जुनेच नंबर आहेत. आरसी, चालू विमा, मालकाचं ओळखपत्र, जामीनदार आणि बाँड एवढं लागतं. गाडी विकणार नाही, रंग-रूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन, अशा अटी असतात. ठाण्याच्या आवारात गाड्या महिनोन्महिने गंजत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगून ठेवलंय. त्याचा हवाला अर्जात असतोच. अर्ज मालकानं करायचा, म्हणजे तुमच्या भावानं. काकानं केलेला अर्ज परत येतो.

त्याआधी गाडी नीट बघून घ्या. सायलेन्सर कंपनीचा आहे का? आवाजाचा बसवलेला असेल तर १९०(२), तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, वर लायसनला तीन महिने सुट्टी. गाडीत परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल १८२अ(४) मालकावर येतं, प्रत्येक बदलाला ५,००० दंड. रेससाठी नंबर प्लेट वाकवली किंवा काढली असेल तर ते वेगळंच. गाडी ठाण्यातून यायच्या आत गुपचूप सायलेन्सर बदलायला मेकॅनिक पाठवू नका. हसू नका, असं करणारे भेटले आहेत. पंचनाम्यात फोटो असतात.

तसंच रीलचं. मित्राच्या इन्स्टाग्रामवर त्या पहाटेचा व्हिडिओ असेल तर तो पसरवू नका आणि घाईघाईनं उडवूही नका. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि उडवलेला व्हिडिओ आधीच पाच जणांच्या फोनमध्ये गेलेला असतो. वकिलाला दाखवा. तो व्हिडिओ कोर्टात आणायला पोलिसांना साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं, ते नीट आहे का हे बघणं आमचं काम.

बचाव आहे का? थोडा आहे. वेगाचं कलम १८३ लावलं असेल तर एकट्या पोलिसाच्या 'मला वाटलं शंभरच्या वर होता' यावर शिक्षा होत नाही, यंत्राचा आधार लागतो. १८३ आणि १८४ साठी कलम २०९ म्हणतं की गुन्ह्याच्या वेळीच केस करणार म्हणून सांगितलेलं हवं किंवा चौदा दिवसांत नोटीस हवी किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेलं हवं. शर्यत शाबीत करायला दोन गाड्या जवळजवळ धावत होत्या एवढं पुरत नाही, चढाओढ दिसली पाहिजे. पण साक्षीदार, टोलचा कॅमेरा आणि पोरांचेच मोबाईल मिळून ती बऱ्याचदा दिसते.

आता मित्राचं, आणि इथं तुम्ही त्याच्या घरच्यांना आजच जाऊन सांगा, कारण त्यांना वाटत असेल की अल्पवयीन आहे, सुटेल. तो सुटेलही, आई सुटत नाही. कलम १९९अ: अल्पवयीनानं मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. चार महिने उरलेत याला काही अर्थ नाही, गुन्ह्याच्या दिवशीचं वय मोजतात. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकानं सिद्ध करायचं. रोज कॉलेजला तीच गाडी नेत असेल तर ते सिद्ध कसं करणार? सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जाईल. सहसा किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर करत नाहीत, पण प्रौढासोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर करता येतो, आणि इथं तुमचा पुतण्या प्रौढ आहे. अल्पवयीन मित्राला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मुळं त्या मुलाच्या नोकरीवर या प्रकरणाचा डाग राहत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मित्राचं रेकॉर्ड तुमच्या एकोणीस वर्षांच्या पुतण्यापेक्षा स्वच्छ राहणार.

विमा कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. विम्याच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो, त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. स्वतःच्या गाडीचं नुकसान तर विसराच. मोटार वाहन कायद्यानंही आयोजित शर्यत आणि वेग चाचणी हा विमा कंपनीला बचाव दिलाय. कोणाला उडवलं तर भरपाईचा बोजा मालकाच्या शेतीवर येऊ शकतो. आणि स्वतः गेला तर? हासन जिल्ह्यातल्या २०१४ च्या एका अपघातात स्वतःच्याच बेदरकार वेगामुळं मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी भरपाई मागितली होती. कर्नाटक उच्च न्यायालयानं नाकारली, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. जीव गेला असता तर कलमंही या पातळीवर राहत नाहीत. न्याय संहितेच्या १०६(१) ला, म्हणजे हयगयीनं कोणाचा मृत्यू घडवण्याला, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि शर्यत असेल तर पोलीस १०५, सदोष मनुष्यवधाकडं वळतात.

जाता जाता एक. चिकोडी, रायबाग भागात शर्यतीच्या बैलगाड्यांसोबत मोटारसायकलींचा ताफा हॉर्न वाजवत धावतो, त्याबद्दलही विचारतात. १८९ मोटार वाहनांच्या शर्यतीपुरतं आहे, बैलगाडीला लागत नाही. बैलगाडी शर्यतीला कर्नाटकनं २०१७ मध्ये कायदा बदलून वाट करून दिली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल मान्य केला. पण त्या ताफ्यातल्या दुचाक्यांना १८४ आणि २८१ लागतंच. आणि घोड्यांना पळवलं तर ती बैलांची सवलत तिथं नाही. वेगाची खरंच हौस असेल तर ट्रॅकवर जा. कोइमतूरला कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईत ट्रॅक आहे. खर्च येतो, पण वकिलाच्या फीपेक्षा फार नाही.

भरतीचं शेवटी घेतलं कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे तिथं प्रत्येक दुसऱ्या घरात हा प्रश्न आहे. फॉर्ममध्ये कधी अटक झाली का, केस चालू आहे का, शिक्षा झाली का, असं विचारतात. लपवायचं नाही. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की खरी माहिती दिली तर गुन्ह्याचं स्वरूप बघून नेमणूक करणारे ठरवू शकतात, किरकोळ बाब माफही करू शकतात. लपवलं तर लपवणं हेच कारण पुरतं. म्हणून 'गुन्हा कबूल' म्हणून दंड भरून मोकळं व्हायची घाई करू नका. कबूल म्हटलं की ती शिक्षा झाली, रक्कम कितीही लहान असो. पहिला गुन्हा, वय एकवीसच्या आत, कोणाला इजा नाही, अशा वेळी परिवीक्षा कायदा १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्याची मागणी करता येते. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की असं सोडलं तर त्या शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागू होत नाही. ही मागणी आपणहून करावी लागते, मॅजिस्ट्रेटना दिवसाला शंभर फायली असतात. माणूस मेलेल्या प्रकरणात हा मार्ग जवळजवळ बंद आहे.

ठाण्यात जाताना भावाला सोबत घ्या, मालक तेच आहेत. आरसी, विमा, पीयूसी, पुतण्याचं आधार आणि दहावीचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या झेरॉक्स. एफआयआरची प्रत मागा, लायसनची पोच मागा, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत मागा. कोरा किंवा न समजलेला कागद सही करायला पुढं आला तर 'वाचून दाखवा' म्हणा, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस दिली तर सांगितलेल्या तारखेला हजर राहा, कारण नोटीस पाळली तर सहसा अटक होत नाही आणि चुकवली तर होऊ शकते. मित्राच्या आईलाही तिच्या कागदांसह त्याच वेळी बोलवा, पण वकील तिनं वेगळा करावा. तिच्या बचावात 'गाडी तुमच्या पुतण्यानं नेली होती' असं यायची शक्यता आहे.